कागदाची तकाकी आणि छपाई : प्रस्तावना

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, जिथून पुढे भंडारदऱ्याचे पाणी, रतनगडाचे कडे आणि कळसूबाईचे शिखर यांच्या सान्निध्यात वस्ती विरळ होत जाते त्या डांगाणात, राजूर हे बाजाराचे आणि कचेऱ्यांचे गाव असल्यामुळे, या आडबाजूच्या मुलखाला लागणारा छापील ऐवज येथे नित्य हाताळला जातो : लग्नसराईतील पत्रिका, यात्रेची हस्तपत्रके, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, घरपट्टीची पावतीपुस्तके, डांगी जनावरांच्या प्रदर्शनाची भित्तिपत्रके आणि गावच्या पेढ्याची खोकी. हा ऐवज छापून घेणारा माणूस कारखानदार असो, सरपंच असो की वधूपिता असो, नमुन्याचे पान हाती येताच तो ते उजेडाकडे कलते धरतो, त्यावरून अंगठा फिरवतो, आणि पान चमकले तर समाधानाने मान हलवतो. मजकुरातील ऱ्हस्वदीर्घ, अक्षरांचा ठसा, समासाची रुंदी यांची चौकशी त्यानंतर, आणि तीही झाली तर. चकचकीत कागद म्हणजे भारी कागद आणि भारी कागद म्हणजे चांगली छपाई, असा हा हिशेब आहे. हा हिशेब कोठे खरा ठरतो, कोठे अर्धवट आणि कोठे साफ चुकीचा, याचा खुलासा छापणाऱ्यास व छापून घेणाऱ्यास दोघांसही व्हावा, एवढ्याच हेतूने पुढील विवेचन केले आहे.

तकाकी म्हणजे शुभ्रता नव्हे, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. कारण काळी काच शुभ्र मुळीच नसते, पण तिच्याइतकी तकाकी फार थोड्या वस्तूंना असते. एखाद्या पृष्ठावर पडलेला उजेड ज्या कोनातून आला त्याच कोनातून समोरच्या अंगास किती प्रमाणात परततो आणि किती प्रमाणात दशदिशांना विखुरतो, यावर त्या पृष्ठाची तकाकी ठरते. आरसा जवळजवळ सर्व उजेड एकाच वाटेने परत धाडतो, खडू तो चोहोकडे उधळतो, आणि जगातील यच्चयावत कागद या दोन टोकांच्या दरम्यान कोठेतरी बसतात. कागदाच्या व्यवसायात ही गोष्ट मोजण्यासाठी उजेडाचा झोत लंबापासून ७५ अंश कलवून, म्हणजे पृष्ठाला जवळजवळ घासत, टाकण्याचा प्रघात रूढ झाला आणि घोटलेल्या काळ्या काचेला १०० हा आकडा मुकरर करण्यात आला. या मापाने वृत्तपत्री कागद बहुधा दहाच्या आत राहतो, चांगला आर्ट पेपर सत्तरीच्या आसपास जातो, आणि ज्याला बाजारात क्रोमो म्हणतात तो एका बाजूने आरशासारखा कागद त्याही पलीकडे पोहोचतो. इतका कलता कोन घेण्याचे कारण असे की, लंब पाहिले असता दोन कागदांच्या तकाकीतील अंतर डोळ्यास फारसे जाणवत नाही. तिरपे पाहिले की ते उघड होते. नमुन्याचे पान कलते धरणारा आमचा वधूपिता प्रयोगशाळेतील रीतच नकळत आचरीत असतो, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

परंतु एका आकड्याने प्रकरण मिटत नाही. अमेरिकेतील रिचर्ड हंटर या संशोधकाने १९३७ साली तकाकीचे सहा निरनिराळे प्रकार वेगळे करून दाखविले. त्यांत निव्वळ परावर्तन, तिरप्या नजरेची झळाळी, पृष्ठात उमटणाऱ्या प्रतिबिंबाची स्पष्टता आणि पृष्ठाचा सारखेपणा या गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या आहेत. मापकावर सारखाच आकडा दाखविणाऱ्या दोन कागदांपैकी एक रेशमी वाटतो व दुसरा मेणचट, त्याचे कारण या भेदांत आहे.

कागद घोटून त्यास जिल्हई आणण्याची कला या प्रदेशास परकी नाही. राजूरच्या दक्षिणेस हरिश्चंद्रगडाची रांग ओलांडली की जुन्नर तालुका लागतो, आणि त्या जुन्नर शहरात मुसलमान कागदी लोकांची वस्ती व त्यांचा हातकागदाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे तर त्या धंद्याच्याच नावाने वसलेले गाव. चिंध्या, ताग व रद्दी कुटून केलेल्या लगद्याचा ताव उचलावयाचा, वाळवावयाचा, त्यावर खळ चढवावयाची, आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा कवडीने तो घोटून घोटून असा करावयाचा की बोरूचे टोक कोठेही न अडखळता मोडीची एकसंध ओळ ओढीत जावे. येथे जिल्हईचे प्रयोजन शोभेचे नव्हते. काजळ आणि डिंक यांची शाई तंतूंत न झिरपता पृष्ठावरच राहावी, अक्षर फुटू नये, आणि सनदेचा मजकूर पुढील पिढीच्या कारभाऱ्यास निर्वेध वाचता यावा, एवढ्यासाठी ती मेहनत होती. ज्यांनी जुन्या दफ्तरांतील कागद प्रत्यक्ष हाताळले असतील त्यांना ठाऊक आहे की, अशा कागदाची चमक मंद असते, तिचा डोळ्यांस उपद्रव होत नाही, आणि शाईची काळी रेघ मात्र त्यावर दीडदोनशे वर्षांनीही ठसठशीत दिसते. पुढे १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्यास कागदाची गिरणी निघाली, परदेशी कागदही स्वस्त होऊन आला, आणि घोटणाऱ्या हातांचे मोल उरले नाही.

छापखाना आला तेव्हा त्याच्या गरजा बोरूच्या गरजांहून निराळ्या निघाल्या. शिशाच्या खिळ्यांनी हातदाबावर छापताना कागद अगोदर ओला करून मऊ ठेवावा लागे, म्हणजे खिळा त्यात किंचित रुते आणि ठसा भरून उमटे. तेथे कडक खळीचा, काचेसारखा घोटलेला कागद उपयोगाचा नव्हता. याउलट शिळाछापास रुतण्याचे काही कारण नसल्याने गुळगुळीत कागद मानवत असे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईस मराठी पंचांग प्रथम शिळेवर छापले, आणि आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, अहमदनगरास, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाला, त्या काळी मराठी छपाईत शिळा आणि खिळा या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. म्हणजे कोणता कागद चांगला, या प्रश्नास यंत्र कोणते हे विचारल्यावाचून उत्तर नाही, ही गोष्ट मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या काळातच सिद्ध झाली होती.

या ठिकाणी रंगीत चित्रांच्या एका निराळ्या शाखेचाही उल्लेख करणे अवश्य आहे. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि राजा रविवर्मा यांच्या मुंबईत १८९४ साली सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या छापखान्याने जी देवदेवतांची चित्रे घराघरांत पोहोचविली, ती अनेक शिळांवरून एकेक रंग चढवून छापलेली होती. आणि त्यांपैकी जी तैलचित्राचा आभास देणारी, म्हणजे ओलिओग्राफ, त्यांवर छपाई पुरी झाल्यानंतर रोगण फिरविण्याची रीत होती. तेथे चमक कागदातून आलेली नसून शाईच्या वरून दिलेली आहे. हा भेद वाचकाने पक्का ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

ज्याला आपण आर्ट पेपर म्हणतो त्याचा प्रसार झाला तो छायाचित्रांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून तांब्याजस्ताच्या ठोकळ्यावरून ते छापण्याची युक्ती निघाली, आणि तत्क्षणी साध्या कागदाची पंचाईत झाली. कारण कागदाचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यांत टेकड्या आणि दऱ्या असतात, आणि जो ठिपका दरीवर आला तो छापलाच जात नाही. इंचात ६५ ते ८५ ओळींची भरड जाळी वृत्तपत्री कागदास चालते, पण चेहऱ्यावरची सुरकुती व पैठणीवरची कुयरी दाखवावयाची तर १३३ किंवा १५० ओळींची जाळी लागते, आणि तिच्यासाठी त्या दऱ्या बुजविणे प्राप्त होते. म्हणून चिनी मातीसारखी पांढरी, चपट्या कणांची माती डिंकासारख्या पदार्थात, त्या काळी बहुधा दुधातील केसीनमध्ये, कालवून तिचा लेप कागदास दिला जाऊ लागला व तो कागद जड रुळांच्या मधून दाबून काढला जाऊ लागला. हे मातीचे चपटे कण दाबाने एका दिशेने निजतात आणि पृष्ठ सपाट होते. तकाकी हे त्या सपाटपणाचे उपफळ. मागणी सपाटपणाची होती. चमक त्याच्याबरोबर आली, आणि लोकांनी मात्र चमकच लक्षात ठेवली.

मराठी वाचकाने या काळाची खूण आपल्या कपाटात अनेकदा पाहिलेली आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून पुढील पन्नास वर्षांतील चरित्रे, प्रवासवर्णने आणि अंक उघडून पाहिले तर मजकूर साध्या, किंचित खरखरीत कागदावर, आणि छायाचित्रे तेवढी वेगळ्या चकचकीत पानांवर, आरंभी किंवा मध्येच एकगठ्ठा चिकटवलेली, अशी मांडणी वारंवार आढळते. चरित्रनायकाचे बालपण पान २० वर आणि त्याची मातोश्री पान ११२ च्या समोर, हा विक्षेप त्या काळच्या वाचकास इतका अंगवळणी पडला होता की त्याबद्दल कोणी तक्रार केलेली ऐकिवात नाही. दीनानाथ दलालांच्या १९४५ मध्ये सुरू झालेल्या ‘दीपावली’सारख्या अंकांनी रंगीत मुखपृष्ठाची व आतील चित्रांची जी हौस मराठी घरांत रुजविली, तीही या लेप दिलेल्या कागदाच्याच आधाराने. पुढे ऑफसेट यंत्र आले. त्यात शाई धातूच्या पत्र्यावरून प्रथम रबरावर आणि रबरावरून कागदावर उतरते, आणि रबर मऊ असल्याने कागदाच्या दरीतही शिरते. त्यामुळे खडबडीत कागदावरही बारीक जाळी उमटू लागली, छायाचित्रे मजकुराच्या पानावर आली, आणि आर्ट पेपरची तांत्रिक अपरिहार्यता बव्हंशी संपली. तिची प्रतिष्ठा तेवढी शिल्लक राहिली, आणि राजूरच्या नमुन्याच्या पानावर फिरणारा अंगठा त्या प्रतिष्ठेचाच वारस आहे.

आता मुख्य प्रतिपाद्याकडे वळू. छापील पानावर तकाकी एक नसून दोन असतात : एक कोऱ्या कागदाची आणि दुसरी त्यावर वाळलेल्या शाईची, आणि छपाई डोळ्यांत भरते ती या दोहोंच्या नात्यामुळे. कोणत्याही शाईच्या थरावर सरळ उजेड पडला असता त्यातील शेकडा सुमारे चार भाग आत शिरण्यापूर्वीच पृष्ठभागावरून माघारी फिरतो. या चार भागांस शाईचा रंग लागलेला नसतो; दिव्याचा जो रंग तोच त्यांचा. शाईचे पृष्ठ गुळगुळीत असले तर ते चार भाग एकाच दिशेने निघून जातात, आणि वाचकाने पान जरासे कलविले की त्याच्या वाटेतून ते बाजूस होतात. मग त्यास निर्भेळ काळा रंग दिसतो. पृष्ठ खडबडीत असले तर तेच चार भाग सर्वत्र विखुरतात, कोठूनही पाहा, काळ्यावर राखाडी झाक पसरलेली दिसते, आणि लाल, निळा, हिरवा हे रंगही त्याच प्रमाणात फिके पडतात. त्यातच शाई तंतूंत मुरून गेलेली व तंतूंची टोके वर आलेली असली म्हणजे हानी आणखी वाढते. चांगल्या आर्ट पेपरवर काळा छपाईभाग शंभरातील सुमारे दोनच भाग उजेड परत देतो, तर वृत्तपत्री कागदावर तोच आठनऊ भाग देतो. शाई तीच, यंत्र तेच, मशीनमनही तोच. छायाचित्रांच्या छपाईत तकाकीचा पक्ष बळकट आहे तो या कारणामुळे, आणि तो नाकारण्याचा या लेखकाचा मुळीच इरादा नाही.

मात्र कागद चकचकीत असला की शाई आपोआप चकचकीत होते, हा समज खरा नाही. शाईतील तेल लेपाच्या सूक्ष्म छिद्रांत वेगाने ओढले गेले, तर रंगकण व राळ वर कोरडी पडतात, थरास पसरून सपाट होण्यास अवधी मिळत नाही, आणि कोऱ्या जागी आरशासारखा असलेला कागद छापलेल्या जागी मलूल दिसतो. उलट तेल सावकाश मुरणारा, मंद पोताचा लेपकागद घेतला तर त्याचे कोरे अंग शांत राहते आणि शाई मात्र त्यावर उठून चमकते. कोरा भाग व छापलेला भाग यांच्या तकाकीतील हे अंतर जितके शाईच्या बाजूस झुकेल, तितके चित्र पानातून उचलून पुढे आल्यासारखे वाटते. म्हणूनच उंची चित्रसंग्रह आज पुष्कळदा मंद लेपाच्या कागदावर छापले जातात, आणि ग्राहकाने अंगठ्याने नापास केलेला नमुना छापून झाल्यावर सरस ठरण्याचा संभव असतो. लेप सर्वत्र सारखा नसेल तर शाईही ठिकठिकाणी कमीअधिक चमकून पानावर चट्टे पडल्यासारखे दिसतात, आणि हा दोष निळ्या आकाशाच्या मोठ्या चित्रात सर्वांत आधी उघडा पडतो. मंद कागदाचाही एक अवगुण सांगितला पाहिजे : त्याचे कण खरखरीत असल्याने गडद छपाई दुसऱ्या पानाशी घासली की पांढऱ्या भागावर काजळी उतरते, आणि गठ्ठे बांधून वाहतूक करणाऱ्यास त्याचा फटका बसतो.

मुखपृष्ठावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा चढविण्याची प्रथा आता खेड्यापर्यंत आली आहे. हा पडदा चकचकीत असेल तर दिसणारी सर्व तकाकी त्याची असते, खालच्या कागदाची नव्हे. तरीही आर्ट कार्डाचे दाम मोजून वर पडद्याचेही दाम मोजणारे ग्राहक पुष्कळ, आणि त्यांस सावध करणारे मुद्रक थोडे. रोगण चढविलेल्या ओलिओग्राफची गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितले ते याचसाठी.

तकाकीची किंमत पैशांखेरीज इतर प्रकारेही चुकवावी लागते. रुळांच्या दाबाखाली कागद चेपतो, त्यामुळे त्याच वजनाचा चकचकीत कागद साध्या कागदाहून पातळ आणि लुळा निघतो, आणि पुस्तक जाडीने लहान पण हातास जड होते. घडीच्या जागी लेप तडकून पांढरी रेघ उमटते, हे पत्रिका छापणाऱ्या प्रत्येकास अनुभवाने माहीत आहे. लिहिण्याच्या कामी तर हा कागद निरुपयोगीच म्हटला पाहिजे. पावतीवर, हजेरीपत्रकावर किंवा दाखल्यावर सही करावयाची असते आणि कचेरीचा शिक्का उठवावयाचा असतो. शिक्क्याची शाई मुरून वाळणारी असल्यामुळे चकचकीत पृष्ठावर ती तरंगत राहते, बोट लागताच फिसकटते, आणि मग त्या दाखल्याच्या खरेपणाविषयी पुढच्या टेबलावर शंका निघते. आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी राजुरास असल्याने कागदपत्रांची नेआण येथे रोजची आहे. शाळांनी व संस्थांनी प्रमाणपत्रे शोभिवंत करण्याच्या हौसेने ती आर्ट पेपरवर छापून घेऊ नयेत, निदान सही-शिक्क्याची जागा रोगणाखाली झाकू नये.

आणि मग पाऊस. घाटघर, रतनवाडी या बाजूस कोसळणारा पाऊस जिल्ह्याच्या इतर भागांस ऐकूनही खरा वाटत नाही. अशा हवेत उघडे ठेवलेले रीम कडांनी दमट हवा पितात, कडा लाटांसारख्या होतात, आणि यंत्रात ताव सरळ जात नाही. हे साध्या कागदाचेही होते, पण लेपाच्या कागदावर दुसरे संकट असे की, शाईस मुरण्यास जागा थोडी आणि हवेने वाळण्यास सवड नाही, त्यामुळे ओली शाई वरच्या तावाच्या पाठीस लागते. डांगी बैलाच्या कातडीस उपजतच तेलकट ओल सुटते व तिच्यामुळे पाऊस त्याच्या अंगावरून निथळून जातो; चकचकीत कागदाच्या चमकेस पाहून पुष्कळांची समजूत होते की त्याचेही तसेच असणार. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हा लेप पाण्याने मऊ होतो, आणि भिजलेली पाने एकमेकांवर दाबून वाळली तर त्यांचा जो ठोकळा बनतो तो पुन्हा पानापानांत सुटत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तशा प्रसंगी साध्या कागदाचे पुस्तक उन्हात वाळवून वाकडेतिकडे का होईना वाचता येते. आर्ट पेपरचे चित्रपुस्तक मात्र, ओले असतानाच पाने सोडविली नाहीत तर, कायमचे गेले असे समजावे. ज्यांच्या घराचे छप्पर आषाढात गळते त्यांनी कुटुंबाची छायाचित्रे व वंशावळ छापून घेताना याचा विचार करावा.

राहता राहिला वाचनाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. दीर्घ मजकुरास तकाकी घातक आहे. दिवा वाचकाच्या डोक्यावर वा पाठीमागे असतो, पान हातात हलत असते, आणि जिथे अक्षर तिथेच नेमका झोत येऊन बसतो. मान वाकडी करून ओळ शोधावी लागते. पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने, आपल्या पुस्तकांसाठी ७० जीएसएम क्रीमवोव्ह कागद वापरला, ही माहिती त्या पुस्तकांच्या आरंभीच्या पानावरच छापलेली आढळते, आणि राजूरच्या कोणत्याही मुलाच्या दप्तरात ती पडताळून पाहता येईल. लक्षावधी मुलांनी एका पिवळ्या दिव्याखाली किंवा दाराच्या उजेडात बसून वाचावयाच्या पुस्तकास चमक नसलेला कागद हा काटकसरीचा निर्णय असेल, पण तो शहाणपणाचाही आहे. कवितासंग्रह आणि स्मरणिका गुळगुळीत कागदावर काढण्याची जी टूम अलीकडे दिसते, तिला या लेखकाची संमती नाही.

पुढील प्रकरणांत कागदांचे प्रकार, त्यांची मापे, शाईचे वाळणे आणि रोगणाच्या रीती यांचे तपशील क्रमाने येतील. तत्पूर्वी मुद्रकबंधूंस एकच विनंती. गिऱ्हाइकापुढे कोऱ्या कागदाचे नमुने ठेवू नयेत. तीनचार कागदांवर एकच छायाचित्र, एकच परिच्छेद आणि एक सपाट काळा चौकोन छापून, चांगले दोन दिवस वाळू देऊन, ते ताव दुकानात टांगावेत, ग्राहकास ते खिडकीपाशी व दिव्याखाली दोन्हीकडे पाहावयास सांगावे, त्यावर पेनने सही करावयास लावावी आणि ओले बोट फिरवू द्यावे. त्यानंतर चकचकीत हवा की साधा, हे विचारण्याऐवजी, हे छापील काम कोण, कोणत्या उजेडात, किती दिवस वाचणार आहे, हे विचारावे आणि कागद स्वतः सुचवावा.

राजूर, तालुका अकोले